वीव्हर्स मेंबरशिप: टोपणनाव चालतं का?

मोगरा_७: वीव्हर्स या चाहत्यांच्या ॲपवर बीटीएस या कोरियन गटाची आर्मी (म्हणजे त्यांचे चाहते) मेंबरशिप घ्यायची आहे. नावाच्या रकान्यात टोपणनाव टाकलं तर चालेल? शिवाय मी ब्लिंक, म्हणजे ब्लॅकपिंक गटाच्या चाहत्यांपैकीसुद्धा आहे, मग आर्मी म्हणवून घ्यावं का?

कोकणीकडा: टोपणनाव फक्त पोस्टसाठी. मेंबरशिपला पासपोर्टवरचं नाव, स्पेलिंगसकट. घोळ होतो तो इथेच: आपल्याकडे पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि लोक ते गाळतात. कोरियात तिकीट घेताना मेंबरशिप, बुकिंग आणि ओळखपत्र ताडून बघतात. जन्मतारीख वर्ष-महिना-दिवस अशी असते, उलटसुलट करू नका. पैसे भरायच्या आधी सगळं एकदा मोठ्याने वाचा.

रातराणी: दोन्ही खुशाल म्हणवून घ्या, अशांना ‘मल्टी’ म्हणतात. आर्मी हे नाव ९ जुलै २०१३ ला ठरलं. ब्लिंक म्हणजे ब्लॅक आणि पिंकचा जोड. मला विचाराल तर सगळ्यात डोकेबाज नाव एक्सो गटाच्या चाहत्यांचं, एक्सो-एल: गटाच्या तुकड्या के आणि एम, मधलं अक्षर एल!

कोकणीकडा: मल्टी असा, पण लाइटस्टिक (कार्यक्रमात हलवायची दिव्याची काठी) ज्या गटाचा कार्यक्रम त्याचीच न्या. आर्मी बॉम्ब, म्हणजे बीटीएसची लाइटस्टिक, ॲपमध्ये ब्लूटूथने जोडून सीट नंबर टाकला की रंग मंचावरून बदलतात. दुसऱ्या गटाची काठी त्यात जुळत नाही, आणि आजूबाजूचे डोळे वटारतात ते वेगळंच. सेल नवे घाला.