मदत हवी आहे: गुदाशयाचा कॅन्सर आणि इम्युनोथेरपी (तातडीचं)

वारणाकाठ: भावाला, वय ३८, गुदाशयाचा कॅन्सर निघालाय. सोमवारपासून रेडिएशन, मग ऑपरेशन. गाठ अगदी खाली आहे, शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लागेल म्हणतात. अमेरिकेत एका औषधाने सगळे पेशंट ऑपरेशनशिवाय बरे झाले असं वाचलं. ते इथे मिळतं का? खर्च किती? लवकर सांगा प्लीज.

मेघना_क: स्टेज कुठली? बायॉप्सीवर एमएमआर (पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) तपासणी झालीय का?

वारणाकाठ: स्टेज ३. बाकी माहीत नाही. औषधाचं सांगा ना.

सुहास७२: टाटात निवोलुमॅब (शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं इम्युनोथेरपीचं औषध) कमी डोसमध्ये देतात, खर्च आवाक्यात येतो. माझ्या मेव्हण्याला दिलं होतं. सरळ परळ गाठा.

मेघना_क: सुहासजी, कमी डोसचा तो अभ्यास तोंड-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरचा होता. इथे लावू नका. वारणाकाठ, तुम्ही वाचलंय ते डोस्टारलिमॅब, न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर हॉस्पिटलमधलं. २०२२ मध्ये पहिल्या १२ जणांची गाठ पूर्ण गेली, २०२५ पर्यंत ४९ जणांची. दर तीन आठवड्यांनी शिरेतून, सहा महिने. पण ते सगळे एमएमआर-डेफिशियंट होते, म्हणजे त्यांच्या गाठीत ती दुरुस्तीची प्रथिनं नीट काम करत नव्हती. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असे शंभरात पाच-दहाच. बाकीच्यांना नुसत्या या औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

सुहास७२: पण सामान्य माणसाने पैसे आणायचे कुठून, ते कोण सांगणार?

अनघा: पिशवीला घाबरू नका हो. माझे वडील पिशवी लावून रोज शेतात जातात. पिशवीच्या प्लेटचं भोक स्टोमाच्या (पोटावरच्या छिद्राच्या) मापाचंच कापा, मोठं झालं की कातडी सोलवटते.

देवदत्त_पुणे: गव्हांकुराचा रस सुरू करा, सकाळी अनशापोटी.

मेघना_क: देवदत्त, त्याने गाठ जात नाही. इथे दिवस मोजके आहेत.

वारणाकाठ: रिपोर्ट सापडला. दुसऱ्या पानावर तळाला लिहिलंय, 'एमएसएच२, एमएसएच६: लॉस ऑफ एक्स्प्रेशन'. वाईट आहे का?

मेघना_क: अहो, हाच तो एमएमआर-डेफिशियंट प्रकार! ही दोन एमएमआर प्रथिनं गाठीत दिसत नाहीत. रेडिएशनच्या आधी हे पान मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा, 'आधी इम्युनोथेरपी देता येईल का' असं थेट विचारा. डोस्टारलिमॅब नाही जमलं तर त्याच जातीच्या पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निवोलुमॅबचं विचारा. थायरॉइड बिघडतं, आतड्याला सूज येऊन जुलाब लागतात, त्याचीही माहिती घ्या. आणि गाठ दिसेनाशी झाली तरी स्कोपी-एमआरआय पुढे बरीच वर्षं चालू राहतात. घरात आणखी कुणाला आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर?

वारणाकाठ: आईला गर्भाशयाचा, ४६व्या वर्षी. त्याचा काय संबंध?

मेघना_क: लिंच सिंड्रोम असू शकतो, म्हणजे अशा कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकीय दोष; तो घराण्यात उतरतो. भावाची जेनेटिक टेस्ट करा, त्यात निघालं तर तुमचीही. पण आधी सोमवारचं बघा.