मदत हवी आहे: १८५४ मध्ये मुंबईहून मॉरिशसला गेलेलं 'व्हिक्टोरिया' हे शिडाचं जहाज कसं शोधू?

नमस्कार. मी नाशिकची, माहेर सिन्नर तालुक्यातलं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या एक वाक्य चालत आलंय: "धाकला मोरसला गेला, तो आलाच नाही." धाकला म्हणजे माझ्या खापरपणजोबांचा भाऊ. आजी पांढऱ्या साखरेला मोरस साखरच म्हणायची, म्हणून लहानपणी वाटायचं, तो साखर आणायला गेला. मोरस म्हणजे मॉरिशस, हे फार उशिरा कळलं.

मागच्या वर्षी तिकडच्या एका ओळखीच्यांनी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून नोंदवहीतली त्याची नोंद मिळवून दिली. नाव, बापाचं नाव, वय २२, गाव ('सिनूर' असं वाचावं लागतं), आणि जिल्हा अहमदनगर! इथेच मी दोन महिने अडकले, वाटलं माणूस दुसराच. मग सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) बसून १८८३ चं नाशिक गॅझेटियर चाळलं, तेव्हा उलगडलं. नाशिक वेगळा जिल्हा झाला १८६९ मध्ये. तोवर सिन्नर नगरकडे होतं. त्या संध्याकाळी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

आता जहाज. नोंदीत 'व्हिक्टोरिया, मुंबई' एवढंच आहे, आणि पोहोचल्याची तारीख मार्च १८५४ ची. लॉइड्स रजिस्टरचे, म्हणजे दरवर्षी निघणाऱ्या जहाजांच्या यादीचे, जुने खंड नेटवर आहेत, पण या नावाची जहाजं एकाखाली एक. कप्तान, टनेज, कुठे बांधलं, मालक कोण, सगळं दिलंय, पण आमचं कुठलं ते कसं ठरवायचं? जहाजांना सरकारी क्रमांक असतो असं वाचलं, तो कुठे मिळेल? धाकला किती दिवस पाण्यावर होता, सोबत किती माणसं होती, एवढं तरी कळावं अशी फार इच्छा आहे. ज्याने कधी गोदेपलीकडे पाणी पाहिलं नसेल, तो मुलगा समुद्रावर कसा राहिला असेल, हे मनातून जात नाही.

प्रतिसाद:
ताई, क्रमांकाच्या मागे आत्ता लागू नका. ते क्रमांक १८५४ च्या कायद्याने आले आणि १८५५ पासून दिले गेले, म्हणजे तुमच्या सफरीच्या वेळी नव्हतेच. आधी कप्तान शोधा. त्या काळचा 'बॉम्बे टाइम्स' (पुढे १८६१ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया झाला) बंदरात आलेल्या-गेलेल्या जहाजांची यादी छापायचा: जहाज, कप्तान, कुठे निघालं. जानेवारी-फेब्रुवारी १८५४ चे अंक बघा. कप्तानाचं आडनाव मिळालं की तेच रजिस्टरच्या रकान्यात जुळवा, बाकीची व्हिक्टोरिया आपोआप गळतील. ते जहाज १८५५ नंतरही चालू असेल तर क्रमांक मिळेल, आणि मग नाव किंवा मालक बदलला तरी हातचं सुटणार नाही. फक्त एक सांभाळा, कप्तान बदलत असतात, त्यामुळे लगतच्या वर्षांचे खंडही उघडा. मुंबई सरकारचा पत्रव्यवहार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहे, तिथेही डोकवा.

धागाकर्ती:
कप्तानाचं सुचलंच नव्हतं, मनापासून आभार. सोमवारी पंचवटीने मुंबईला जाते. पुराभिलेखागारात पहिल्यांदाच जाणार आहे. आधारकार्डावर आत सोडतात, की आधी अर्ज करून ठेवावा लागतो?