आजेसासूबाईंचं मण्यांचं तोरण कसं जपू?

घोडबंदरकरीण: आजेसासूबाईंचं काचमण्यांचं तोरण मिळालंय, पांढऱ्यावर हत्ती न मोर, भावनगरकडचं आहे म्हणतात. दोरा जागोजागी कुजलाय, मणी गळतायत, धुऊन नायलॉनमध्ये ओवू का?

वाशीची ताई: अगं धुऊ अजिबात नको!! कुजलेला सुती दोरा धुताना अजूनच तुटतो. मऊ ब्रशने धूळ काढ, मलमलीत सपाट ठेव, टांगू नकोस. आणि हे सौराष्ट्रातलं मोतीभरत, म्हणजे मणी ओवून केलेलं नक्षीकाम असणार, १९व्या शतकात व्हेनिसचे मणी आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटामार्गे तिकडे यायचे, काय सुंदर काम असतं गं ते!

कळवेकर: नायलॉन नकोच ताई, सुतीच घ्या आणि फक्त सुटलेला भाग ओवा, गळलेले मणी डबीत जपा. आधी साध्या मण्यांचा छोटा चौकोन करून हात बसवा.

घोडबंदरकरीण: थँक्यू दोघांना, आजच उतरवते.