उत्तर: शनिवारची जयश्री गडकर संध्याकाळ (क्लिपा)

अभिनेत्री जयश्री गडकरांवरच्या शनिवारच्या कार्यक्रमातल्या क्लिपांबद्दल: तालमीत 'बुगडी माझी सांडली गं' पडद्यावर ताणलेली दिसली, गोल कुंकू अंड्यासारखं आडवं झालं होतं. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' जवळपास ४:३ चा (रुंदी:उंची), हॉलचा प्रोजेक्टर १६:९ चा. रिमोटवर 'वाइड' होतं, ते 'नॉर्मल' करा. दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेल काळं राहील, ते राहू द्या.
– प्रोजेक्टरकडून

----

चित्राचं होईल, पण सुराच्या पट्टीचं काय? क्लिप संपल्या संपल्या वहिनी तेच गाणं प्रत्यक्ष गाणार आहेत. डीव्हीडीवरची प्रत सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमनं पळते. म्हणजे चार टक्के वेग जास्त आणि सूर पाऊण पट्टी चढा. तो पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडतो, कुठलीच धरता येत नाही. क्लिप ९६ टक्के वेगावर एक्सपोर्ट करून आणा. 'मेन्टेन ऑडिओ पिच'वरची (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी) खूण काढायला विसरू नका, नाहीतर वेग उतरेल आणि सूर तिथेच राहील. 'साधी माणसं'मधल्या 'ऐरणीच्या देवा'लाही हेच करा.
– पेटी

----

'साधी माणसं' घेतलात, छान. पण शेवट जयश्रीबाईंच्या रामायणातल्या कौसल्येवर नको. तो प्रसंग मालिकेचा, दशरथ झालेले बाळ धुरी हे बाईंचे यजमान, हे सगळं निवेदनात एका वाक्यात येऊ द्या. 'सांगत्ये ऐका'त हंसा वाडकरांसमोर उभी राहिलेली मुलगी आणि सहा वर्षांनी 'साधी माणसं'मधली लोहाराची बायको, ही दोन टोकं शेजारी दाखवली की बाईंचा पल्ला कळतो. मधे त्यांचा 'मानिनी' चित्रपट हवाच.
– निवेदन

----

कौसल्या काढू नका, मुलांना तेवढीच ओळखीची आहे. दीड मिनिट पुरे.
– बालविभाग

----

आवाज आमच्याकडे आहे, कृपया कोणी परस्पर केबल जोडू नये. लॅपटॉपची स्टीरिओ पिन मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड (दोन तारांमधला फरक घेणाऱ्या) इनपुटला लावली की डावा आणि उजवा एकमेकांतून वजा होतात. जुना चित्रपट मोनो, दोन्ही बाजूंना तोच आवाज, त्यामुळे गाणं गायब होतं आणि नुसती खरखर उरते. तालमीत तेच झालं, स्पीकर ठीक आहेत. ३.५ मिमीतून दोन मोनो पिना निघणारी वाय-केबल घ्या, दोन वेगळ्या चॅनेलला लावा आणि दोन्ही पॅन (डावी-उजवी बाजू ठरवणारे खुंट) मध्यावर ठेवा. गुणगुण आली तर मधे डीआय बॉक्स (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जुळवून देणारा छोटा डबा) लावून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, चार्जरचा अर्थिंग तोडू नका.

९६ टक्क्यांच्या फाइली शुक्रवारी रात्रीपर्यंत पेनड्राइव्हवर द्या. पेटीवाल्यांनी साडेचारला यावं, सूर जुळवूनच दार उघडू.
– ध्वनी