आजोबांच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या बॉनेटला पोचा पडलाय. लांबी (पुट्टी) न भरता पत्रा सरळ होईल का?

वाळव्याचा_नातू

नमस्कार मंडळी. आमच्याकडे इंटरनॅशनल बी-२७५ आहे, आजोबांनी १९६८ साली घेतलेला. रोजच्या कामाला आता दुसरा ट्रॅक्टर आहे, पण हा अजून एका हाकेत चालू होतो. बेंदराला बैलांची पूजा झाली की आजी याच्याही बॉनेटला हळदकुंकू लावते.

मे महिन्यातल्या वळवात गोठ्याशेजारच्या चिंचेची फांदी थेट बॉनेटवर पडली. वरच्या पत्र्याला मधोमध दीड वीत लांबीचा पोचा आहे, सगळ्यात खोल जागी साधारण चार सेंटिमीटर. रेडिएटरकडच्या बाजूला पत्र्याची धारदार घडी पडलीय आणि पुढच्या बोल्टच्या भोकापासून बोटभर चीर गेलीय.

तालुक्यातल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "भोकं पाडून ओढतो, वर लांबी भरतो, दोन दिवसांत गाडी घेऊन जा." दुसरा म्हणाला नवं बॉनेट टाक. पण बॉनेटच्या डाव्या उतरणीवर आजोबांनी पेंटरकडून पिवळ्या अक्षरांत 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' लिहून घेतलं होतं. ती अक्षरं पोच्याच्या काठापासून चार बोटांवर आहेत. आजोबा २०११ मध्ये गेले. ती अक्षरं मला घालवायची नाहीत.

मी स्वतः एक प्रयत्न केला. बॉनेट काढून टायरवर उपडं ठेवलं आणि आतून सगळ्यात खोल जागी दोन किलोच्या हातोड्याने ठोकलं. पोचा थोडा वर आला, पण आता तिथं टेंगळं आलीत आणि मधला भाग दाबला की टुक्‌ करून आत जातो, सोडला की बाहेर येतो. मी पत्रा कायमचा बिघडवला का? पुढं काय करू?

माळावरचा_शेतकरी

मी नवं बॉनेट टाकलं होतं, आमच्या जुन्या ट्रॅक्टरला. नांगरटीच्या दिवसांत गाडी आठ-आठ दिवस उभी ठेवणं मला परवडणारं नव्हतं. पण बाजारातला पत्रा हाताला कागदासारखा लागतो, आणि बोल्टची भोकं जुळेनात म्हणून कानसीने लांबवावी लागली. तुमची गाडी रोजच्या कामाची नाही, तर घाई करू नका. आणि नवं टाकलंत तरी जुनं भंगारात देऊ नका. मी दिलं, त्याचं आजही वाईट वाटतं.

उद्यमनगरचा_पत्रेवाला

बाळा, आधी तो दोन किलोचा हातोडा ठेवून दे. पत्रा गेलेला नाही.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात ३८ वर्षं पत्र्याचं काम केलं. जीप, अँबॅसॅडर आणि ट्रॅक्टर तर मोजलेच नाहीत. माझं आजोळ तांबटाचं. मामा तांब्याचं भांडं मठारायचे तेव्हा मी शेजारी बसायचो. मठारलं की तांबं कडक होतं, म्हणून तर हंडा लवकर चेपत नाही. तुझ्या बॉनेटच्या घडीत तेच झालंय. जिथं पत्रा तीक्ष्ण मुडपला तिथं तो कडक झाला, आणि ती कडक घडी बाकीच्या सगळ्या पत्र्याला आत धरून बसलीय. मधला खोलगट भाग बराचसा नुसता ओढला गेलाय. घडी सुटली की त्यातला निम्माशिम्मा आपणहून वर येतो.

म्हणून पोचा ज्या क्रमाने पडला त्याच्या उलट क्रमाने काढायचा. फांदी आधी मध्ये टेकली, मग पत्रा बसत गेला आणि काठाचा उंचवटा शेवटी उठला. तेव्हा आधी तो उंचवटा खाली, मग घडी, आणि मधला भाग सगळ्यात शेवटी. सगळेजण आतून मधेच ठोकतात. तसं केलं की पत्रा आतल्या आत पसरतो, काठ तसेच उभे राहतात आणि जास्तीच्या पत्र्याला जायला जागा उरत नाही.

आता काम. बॉनेट आतून स्वच्छ कर. पन्नास वर्षांचं तेल आणि माती डिझेल लावून खरवड, तारेचा ब्रश मार. आतली बाजू उघडी दिसल्याशिवाय डॉली (आतून आधाराला धरायचा लोखंडी ठोकळा) नीट बसत नाही आणि गंज कुठं खाल्लाय तेही कळत नाही. रंग काढताना एक सांभाळ. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नकोस. पाणी लावून वॉटर पेपरने घास, तोंडाला मास्क लाव आणि लेकरांना लांब ठेव.

अवजारं फार लागत नाहीत. चपट्या, गुळगुळीत तोंडाची पाव ते अर्धा किलोची हातोडी. तोंडावर एक ओरखडा असला तरी तो प्रत्येक ठोक्याला पत्र्यावर छापला जातो, म्हणून आधी हातोडीचं तोंड पॉलिश कर. हातात मावेल अशी लोखंडी डॉली, एका बाजूने सपाट आणि एका बाजूने गोलसर. बाभळीची मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा. जुन्या कमानपाट्याचा (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) वीतभर तुकडा, कडा घासून गोल केलेला. आणि जुन्या जीन्सच्या पायात कोरडी वाळू भरून दोन्ही टोकं शिवून टाक. बॉनेट त्या पिशवीवर ठेव. टायर उसळी मारतो, वाळू मारत नाही.

उंचवट्यावर कमानपाटा आडवा धर आणि पाट्यावर हातोडी मार, म्हणजे ठोका पसरून बसतो. त्याच वेळी दुसऱ्या हाताने आतून डॉली खोलगट भागाखाली दाबून धर, उंचवट्याच्या खाली नाही. वरचा खाली जातो, खालचा वर येतो. हलके ठोके, काठाने गोल फिरत, बाहेरून आत. एका जागी तीनदा मारलं की थांब, पुढं सरक.

कान उघडे ठेव. हातोडीच्या बरोबर खाली डॉली आली की 'टण्ण' असा स्वच्छ आवाज येतो. तो ऐकायला बरा वाटतो, पण प्रत्येक 'टण्ण'ला पत्रा थोडा पातळ होऊन पसरतो. डॉली बाजूला असली की आवाज बद्द येतो. तुला सध्या बद्द आवाजच हवाय. मला उस्तादांनी पहिलं वर्षभर हातोडी दिली नव्हती, नुसती डॉली धरायला लावली आणि आवाज ओळखायला लावला.

घडीची जागा हट्टी असते. गॅसने ती फक्त ऊन कर, लाल नको. मग वर पाटा धरून मोगरीने बसव.

तपासायला डोळ्यापेक्षा हात बरा. सुती मोजा घाल, पूर्ण पंजा टेकव आणि लांब सरळ फिरव. नुसती बोटं फिरवली तर काही कळत नाही. दुसरी खूण: पत्र्यावर रॉकेलचा ओला फडका फिरव आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात बघ. ओल्या पत्र्यात उजेडाची रेघ जिथं वाकडी दिसेल तिथं अजून काम आहे.

चिरेचं काम: टोकाला तीन मिलीमीटरचं भोक पाड, म्हणजे चीर पुढं धावणार नाही. मग गॅस वेल्डिंग करून घे. सीओटू वेल्डिंगचा टाका कडक होतो, त्यावर हातोडी चालत नाही. गॅसचा टाका मऊ राहतो आणि पत्र्यासारखाच ठोकून बसवता येतो. पितळेचं ब्रेझिंग करू नकोस, त्या जागी पुन्हा कधी नीट वेल्डिंग होणार नाही. भोकं पाडून ओढायला तर अजिबात देऊ नकोस. भोकाभोवती पत्रा ताणला जातो आणि मागून पाणी शिरलं की लांबीच्या खाली गंज धरतो.

टुक्‌चं काय ते नंतर. काठ उतरल्याशिवाय त्याला हात लावू नकोस, कारण काठ उभे असले की चांगला पत्राही टुक्‌ करतो.

डॉनकास्टरजवळ

मी मूळचा साताऱ्याचा, आता इंग्लंडमध्ये यॉर्कशरमध्ये राहतो. तुमचा ट्रॅक्टर ज्या रचनेवर बनला तो बी-२७५ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या इथल्याच डॉनकास्टरच्या कारखान्यात १९५८ पासून बनत होता. भारतात महिंद्रा, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली, तिचा कारखाना कांदिवलीत. १९७७ मध्ये ती महिंद्रात विलीन झाली. इंग्लंडमधल्याच नेवार्कला नोव्हेंबरात जुन्या ट्रॅक्टरांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथं मी पोचे तसेच ठेवलेले, मूळ रंगाचे ट्रॅक्टर नव्या रंगाच्या ट्रॅक्टरांच्या शेजारी मानाने उभे असलेले पाहिलेत. अक्षरं जाणार असतील तर थोडा पोचा राहिला तरी चालेल, हे माझं मत.

नाशिकची_पेंटर

मी गाड्यांना रंग देते आणि ट्रकमागची अक्षरंही लिहिते. काम सुरू करण्याआधी त्या अक्षरांवर ट्रेसिंग पेपर चिकटवून काठ पेन्सिलने उतरवून ठेवा आणि मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. जुन्या ऑइल पेंटवर थिनर चुकूनही नको, अक्षरं विरघळतील. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, वाळल्यावर पातळ मेण लावा.

लाल रंग जुळवायचा असेल तर बॉनेटच्या वरच्या रंगाशी जुळवू नका, तो उन्हाने उडालेला असतो. कंपनीची पट्टी किंवा एखादा कंस काढा. त्याच्या मागं ऊन न लागलेला मूळ लाल सापडेल, तो नमुना दुकानात न्या. नवा रंग फक्त पोच्याच्या जागी, आणि काठ पॉलिश करून जुन्यात विरवायचे.

वाळव्याचा_नातू

काका, तीन रविवार गेले. तुम्ही सांगितलं तसं आधी काठ खाली घेतले आणि खरंच, घडी ऊन करून बसवताना मधला पत्रा आपोआप वर आला. माझा हात तिथं पोचलाही नव्हता. चीर गॅसने भरून घेतली. अक्षरं ट्रेस करून ठेवली. आतली माती खरवडताना एका कोपऱ्यात खडूने लिहिलेला आकडा सापडला, तो मी तसाच ठेवलाय.

टुक्‌ची जागा आता तळहाताएवढीच उरलीय, मी हातोडा मारला होता तिथंच. दाबली की आत जाते, सोडली की बाहेर. आता काय?

उद्यमनगरचा_पत्रेवाला

म्हणजे तेवढीच जागा खरोखर पसरलीय. आता तिला आवळायचं.

ट्रॅक्टरपासून, डिझेलपासून, कडब्यापासून लांब, मोकळ्यावर काम कर. पाण्याची बादली जवळ ठेव. अक्षरांच्या आणि कामाच्या मध्ये ओल्या मातीची दोन बोटं जाड वरवंडी घाल आणि अक्षरांवर ओलं फडकं टाक. माती वाफ होऊन सुकायला लागली की परत ओली कर. उष्णता मातीत थांबेल, रंगापर्यंत जाणार नाही. पत्र्याच्या आतल्या बाजूलाही अक्षरांच्या मागं तशीच माती लाव. बाहेरचं सगळे करतात, आतलं विसरतात आणि रंग मागून फुगतो.

सगळ्यात फुगलेली जागा बघ. तिथं गॅसच्या छोट्या नळीने रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका तापव, गुंजेसारखा लाल होईपर्यंत. तापला की तो किंचित वर येतो. लगेच खाली डॉली नुसती टेकव, दाबू नकोस, आणि ठिपक्याच्या कडेने मध्याकडे तीन-चार हलके ठोके दे. तापलेला मऊ पत्रा आजूबाजूचा पत्रा आत घेतो. लाली गेली की ओला फडका लाव. पत्रा आवळतो.

मग थांब. पूर्ण गार होऊ दे, तळहाताने दाबून बघ. टुक्‌ गेलं असेल तर काम संपलं. नसेल तर दोन बोटं सोडून दुसरा ठिपका, आधीपेक्षा लहान. दोन किंवा तीन ठिपक्यांत व्हायला हवं. चौथा घ्यावासा वाटला तर घेऊ नकोस, मला फोटो पाठव. जास्त आवळला तर चहूबाजूंनी लाटा पडतात, तेव्हा मग त्या जागी डॉलीवर 'टण्ण' वाजवून थोडा पसरवावा लागतो.

शेवटी कानस फक्त ओळख करायला फिरव, पत्रा खायला नाही. उंच जागा चमकते, खोल जागा काळी राहते. काळ्या जागा आतून हळूच वर घे. नखाएवढे खड्डे उरले तर त्यात पातळ लांबी चालेल, कागदापेक्षा थोडी जाड. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) मार. रात्रभर उघडा ठेवू नकोस, आता दव पडायला लागलंय.

आणि तो खडूचा आकडा. तिथं प्रायमर मारू नकोस. पातळ पारदर्शक वॉर्निश लावून ठेव.

वाळव्याचा_नातू

दोन ठिपक्यांत गेलं, काका. दुसरा गार झाल्यावर दाबलं तर दगडासारखा घट्ट. आजीला बोलावून हात फिरवायला लावला, तिला जागा सापडली नाही. मग तिने अक्षरांवरून हात फिरवला. एकही पिवळं अक्षर फुगलेलं नाही. रेड ऑक्साइड मारून झालं, वॉर्निश उद्या आणतो.