मदत हवी आहे: घरी केलेले टेकआउटसारखे चायनीज चिकन वातड होते आणि आवरण मऊ पडते

नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरात आम्ही दोघे, ११ वर्षांचा मुलगा, ७ वर्षांची मुलगी आणि काही महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेले सासू-सासरे अशी सहा माणसे आहोत. दर शुक्रवारी जवळच्या चायनीज दुकानातून जनरल त्सो चिकन (तळलेले, सॉसमध्ये घोळवलेले चिकनचे तुकडे) आणि चिकन-ब्रोकोली मागवण्याचा आमचा शिरस्ता होता. परंतु सासऱ्यांना रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे, आणि सगळे एकत्र जेवायला बसलेले असताना त्यांच्यापुढे वेगळे ताट ठेवणे माझ्या मनाला पटत नाही. म्हणून हे दोन्ही पदार्थ घरीच, सर्वांना एकाच भांड्यातून वाढता येतील असे करायचे मी ठरवले. गेल्या दोन महिन्यांत सात-आठ वेळा करून पाहिले, तरी दुकानातला तो मऊपणा आणि तो कुरकुरीतपणा येत नाही.

आपल्याकडचे चिकन मंच्युरियन आणि चिली चिकन मला व्यवस्थित जमते. नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये मुंबईत पहिल्यांदा मंच्युरियन केले असे सांगतात. त्यातले आले, लसूण आणि हिरवी मिरची आपल्या हाताच्या सवयीचे आहेत, आणि दाट रश्श्यात आवरण मऊ पडले तरी तिथे ते खपून जाते. जनरल त्सोचे तसे नाही. हा पदार्थ हुनान प्रांतातले आचारी पेंग चांग-क्वेई यांनी १९५० च्या दशकात तैवानमध्ये रचला. मुळात तो गोड नव्हता, १९७० च्या दशकात न्यूयॉर्कला आल्यावर त्यात साखर शिरली. त्यामुळे पाककृतींमध्ये साखरेचे प्रमाण शून्यापासून अर्ध्या वाटीपर्यंत आढळते. आम्हाला तो बेताचा गोड आवडतो, त्यामुळे माझी खरी अडचण चवीची नसून मांसाची आणि आवरणाची आहे.

चिकन-ब्रोकोलीसाठी मी छातीच्या मांसाचे पातळ काप करते, ते सोया सॉसमध्ये अर्धा तास मुरवते आणि चांगल्या तापलेल्या पॅनमध्ये टाकते. आमच्या भाड्याच्या घरात सपाट काचेची विजेची शेगडी आहे. काप टाकल्यावर पहिला अर्धा मिनिट छान चर्र आवाज येतो, मग तो हळूहळू बसतो, कापांच्या कडेने पांढरट, फेसाळ पाणी जमू लागते आणि चिकन परतले जाण्याऐवजी त्या पाण्यात शिजत राहते. पाणी आटेपर्यंत काप इतके वातड झालेले असतात की मुलगी ते चघळून चघळून ताटाच्या कडेला काढून ठेवते. आच आणखी वाढवली की तेल धुरावते आणि स्मोक अलार्म वाजू लागतो.

जनरल त्सोच्या बाबतीत सुरुवातीची चूक मला उशिरा कळली. आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ती पांढरी, बोटांत करकरणारी पूड इथे कॉर्नस्टार्च या नावाने मिळते. इथल्या कॉर्न फ्लोअरच्या पाकिटात मक्याचे पिवळे पीठ असते, आणि त्याने केलेले आवरण भाकरीच्या पापुद्र्यासारखे खरखरीत होत होते. आता योग्य पूड वापरते, तुकडे कुरकुरीत तळले जातात, पण सॉसमध्ये घोळवून ताटात वाढेपर्यंत आवरण मऊ होऊन सुटू लागते. यजमान कामावरून अर्धा तास उशिरा येतात, तोवर तर सॉसची नुसती खळ झालेली असते.

तिसरा प्रश्न मिठाचा. एक मोठा चमचा साध्या सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवते. पाककृतींमध्ये मात्र चार-चार चमचे सोया सॉस सांगितलेला असतो. शिवाय बहुतेक ठिकाणी शाओशिंग वाइन घालायला सांगतात, आणि सासूबाईंना स्वयंपाकात मद्य चालत नाही. या शेगडीवर, या पथ्यात राहून हे पदार्थ कोणी नियमितपणे करत असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

ताई, तुमचे वर्णन वाचून दोष शेगडीचा कमी आणि क्रमाचा जास्त वाटतो. मी १२ वर्षे अशाच शेगडीवर स्वयंपाक करत आहे.

आधी पाण्याचे बघू. इथे बरेचसे चिकन थंड पाण्यात बुडवून गार करतात, त्यामुळे ते पाणी धरते. किती टक्के ते पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले असते. एअर चिल्ड असे लिहिलेले चिकन मिळाल्यास ते घ्यावे आणि कापण्यापूर्वी कागदाने अगदी कोरडे करावे. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवले की मांस थोडे घट्ट होते आणि धाग्याला आडवे, अर्ध्या सेंटिमीटरचे काप सहज निघतात.

दुकानातला मऊपणा येतो तो कच्चे काप थेट परतल्याने नव्हे. अर्धा किलो कापांना एका अंड्याचा पांढरा बलक, एक मोठा चमचा कॉर्नस्टार्च आणि एक लहान चमचा तेल चोळून अर्धा तास ठेवावे. पातेल्यात पाणी उकळून आच कमी करावी, त्यात चमचाभर तेल सोडावे आणि काप सुटे करून टाकावेत. पाऊण मिनिटात ते बाहेरून पांढरे होतात; लगेच झाऱ्याने काढून निथळावेत. पिष्टाचा पातळ थर शिजून आतला रस धरून ठेवतो. मग ब्रोकोली आणि लसूण परतून झाल्यावर हे काप शेवटी सॉसबरोबर मिनिट-दोन मिनिटे परतले की पुरते. कच्चे मांस शिजवण्याचा भार पॅनवर राहतच नाही, म्हणून कमी ताकदीची शेगडीही चालते. बरेच जण यासाठी खाण्याचा सोडा लावतात आणि त्याने मांस मऊ होते हे खरे. पण अर्ध्या लहान चमचा सोड्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते, म्हणून तुमच्या घरासाठी मी तो सुचवणार नाही.

जनरल त्सोला मांडीचे मांस घ्यावे. तुकडे कॉर्नस्टार्चमध्ये दाबून घोळवल्यावर दहा मिनिटे तसेच ठेवावेत, म्हणजे पूड ओलसर होऊन चिकटते. १७५ अंश सेल्सिअसला चारेक मिनिटे तळून बाहेर काढावेत, जरा थांबून १९० अंशाला पुन्हा दीड मिनिट तळावेत. आत ७४ अंश तापमान झाले आहे ना, हे एका तुकड्यात स्वयंपाकाच्या थर्मामीटरचा काटा खुपसून बघावे. कागदावर काढल्यास खालून वाफ धरते, म्हणून जाळीवर काढावेत. यजमानांचा वाटा सॉस न लावता ९५ अंशावरच्या ओव्हनमध्ये ठेवावा आणि ते आल्यावरच घोळवावा. सॉससाठी एक कप द्रवाला एक मोठा चमचा कॉर्नस्टार्च पुरे. त्याहून जास्त घातल्यास खळच होणार.

मिठाबद्दल: कमी सोडियमच्या सोया सॉसमध्ये साधारण ४० टक्के कमी सोडियम असते. सहा माणसांच्या भाजीत त्याचे दोन चमचे घातले तर माणशी १८० मिलिग्रॅमच्या आसपास पडते. बाकीचा द्रव बिनमिठाच्या स्टॉकचा असावा, आणि ऑइस्टर सॉस खारट असल्यामुळे वगळावा. चव आले, लसूण, सुकी लाल मिरची आणि तांदळाच्या व्हिनेगरने उचलून धरता येते. वाइनऐवजी स्टॉक आणि अर्धा चमचा तेच व्हिनेगर घालावे. शाओशिंगच्या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत मीठही असते, त्यामुळे तिच्यावाचून तुमचे नुकसान नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. शनिवारी दोन्ही पदार्थ केले. पाण्यातून काढलेले काप बोटांना रेशमी, किंचित बुळबुळीत लागत होते, त्यामुळे आधी शंका आली. पण पॅनमध्ये एक थेंबही पाणी सुटले नाही आणि मुलीने ताटाच्या कडेला काही ठेवले नाही. सासऱ्यांनी ब्रोकोली दुसऱ्यांदा मागून घेतली. यजमान पाऊण तास उशिरा आले, तरी त्यांचे तुकडे कुरकुरीत होते.

आता एकच विचारायचे आहे. मुलाला सोमवारी डब्यात हेच हवे आहे. पहिल्यांदा तळून गार केलेले तुकडे फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी फक्त दुसऱ्यांदा तळले तर चालेल का?

प्रतिसाद १

चालेल, मात्र पहिल्या वेळी ते आतपर्यंत पूर्ण शिजलेले असले पाहिजेत. फ्रीझरमध्ये ताटलीवर सुटे गोठवून मग पिशवीत भरावेत. सकाळी ओव्हनमध्ये २०० अंशाला पंधराएक मिनिटे, आतून कडकडीत गरम होईपर्यंत ठेवले तरी होईल, तळण्याची गरज नाही. सॉस वेगळ्या छोट्या डबीत द्यावा.