मालिश चालू राहू दे, पण हालचाल मुलाची स्वतःची हवी

सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाचे हातपाय रोज तासभर चोळून-ताणून दिले की बाकीचं हळूहळू येतं, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. मालिशला माझा विरोध नाही. माझ्या लेकीला ती आवडायची, झोपही शांत लागायची. पण आपण पाय हलवतो तेव्हा मेहनत आपली होते, तिची नाही. संशोधक इओना नोवाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातही हेच आहे: मुलाने स्वतः, खऱ्याखुऱ्या कामासाठी, पुन्हा पुन्हा केलेली हालचाल उपयोगी पडते, नुसतं ताणून देणं फारसं नाही.

इथे अजून कुणी मोज्याचं लिहिलेलं नाही, म्हणून सांगते. लेकीची डावी बाजू कमजोर, डाव्या हाताची मूठ कायम मिटलेली. ती दोन वर्षांची असताना थेरपिस्टताईंनी चांगल्या, म्हणजे उजव्या हाताला मऊ मोजा घालायला सांगितला, म्हणजे डावा हात वापरावाच लागेल. रोज तासभर, आणि तेवढा वेळ फक्त खेळ. पहिले चार दिवस नुसती रडारड; सासूबाईंना तर तो छळच वाटला, आणि मलाही आतून तुटायचं. मग परातीत कुरमुरे पसरले. ते तिला इतके आवडतात की पाचव्या दिवशी डावी मूठ उघडली. महिन्याभराने ती वाटी दोन्ही हातांनी धरून आजीकडे घेऊन गेली. हा उपाय एकाच बाजूला त्रास असलेल्या मुलांसाठी आहे. थेरपिस्टना विचारल्याशिवाय घरी सुरू करू नका.